गादीने धरलेली चिमणी

सुया गप्प असत, पण गाद्या बोलत, तेव्हाची गोष्ट. लोकर टोचून खेळणी करायच्या नव्या किटमध्ये लोकरीचा पुंजका आणि स्पंजची गादी शेजारी राहत. कुमुदताईंनी पहिल्यांदाच पुंजका गादीवर ठेवून सुईने टोचला. टोचता टोचता त्याची चिमणी झाली.

"कित्ती गोड!" त्या म्हणाल्या.

गादीचा जळफळाट झाला. "सुई दोघींनी सोसली, आणि कौतुक हिचं एकटीचं!" तिने चिमणीचं पोट घट्ट धरलं.

"सोड गं," चिमणी कळवळली.

"मला टाकून मिरवणार होय?"

"टोचताना मधूनमधून उचलायला हवी होती, लोकर गादीत रुतली," म्हणत कुमुदताईंनी चिमणी ओढली. पोटाचा लचका तुटला. मग गादी उलटी करून, तिच्याच पाठीवर टोचून टोचून त्यांनी नवं पोट बसवलं.

चिमणी खिडकीत गेली. गादीने तो लचका अजून सोडलेला नाही. पण त्याची चिमणी काही होत नाही.