ठकूबाईचा जरीचा पक्षी

एक होता राजा, आणि त्याची राणी वारली होती. हो, गोष्ट सुरूच तिथून होते, मी तरी काय करू? नंदू, पाय आत घे. यमू, तू हुंकार देत राहा, म्हणजे जागी आहेस ते मला कळेल.

राजाचं नाव सुबंधू आणि गावाचं नाव कणगीपूर. गावात धान्याच्या कणग्याच कणग्या. देवळाच्या कळसाएवढ्या उंच. धान्य होतं म्हणून उंदीर आले, आणि उंदीर आले म्हणून मांजरं आली. मग त्या गावाने एक रीत पाडली, बरं का. दिवाळीच्या पाडव्याला घरोघरी मांजरांना ओवाळायचं आणि एकेक खेळणं द्यायचं. वर्षभर धान्य राखलंत, आता जरा खेळा म्हणून. कुणी चिंध्यांचा चेंडू करी, कुणी मक्याच्या सालीची बाहुली.

राजाला एक लेक होती. कुमुद. सात वर्षांची. आई गेल्यापासून ती माणसांशी फारसं बोलायची नाही. जे काय बोलायची ते पिठाळीशी. पिठाळी म्हणजे राणीची मांजर, पिठासारखी पांढरी. राणी आजारी होती तेव्हा ती राणीच्या पायाशी बसून असायची. राणी गेली, त्या दिवशी ती उठली आणि कुमुदच्या पायाशी येऊन बसली. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच गावात ठकूबाई राहायची. एकटीच होती बिचारी, पण खेळणी करावीत तर तिनेच. दिवाळीला आठ दिवस होते तेव्हा राजाने तिला बोलावून घेतलं.

"ठकूबाई, यंदा पिठाळीसाठी चिंध्यांचं काही नको," राजा म्हणाला. "चमचमणारं काहीतरी कर. माझी पोर एकदा तरी हसू दे."

मग ठकूबाईने जरीचा पक्षी केला. पंख जरीचे, तुरा जरीचा, शेपटी तर हातभर लांब, सगळी जरीच्या सुट्या दोऱ्यांची. पाडव्याची सकाळ उजाडली. राजाचा शिपाई दारात उभा, "आटपा बाई, आटपा!" म्हणतोय. ठकूबाईने शेवटची गाठ मारली. गाठ सैल बसली. तिला ते दिसलं, बरं का. तिने गाठीवरून बोट फिरवलंसुद्धा. पण मनात म्हणाली, मांजर ते, दोन दिवस खेळेल आणि टाकून देईल. आणि पक्षी शिपायाच्या हातात दिला.

पिठाळीने पक्ष्यावर झडप घातली आणि कुमुद हसली. राजाच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग काय झालं? पहिल्या दिवशी पिठाळीने दूध टाकलं. दुसऱ्या दिवशी ती कणगीमागे जाऊन बसली, हाक मारली तरी येईना. पोट दगडासारखं घट्ट. वैद्यबुवा आले, मात्रा उगाळली, काही उपयोग झाला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पिठाळी गेली.

राजाला दुःख झालं की राग यायचा. वाड्यात रंगू नावाची दासी होती, ती पिठाळीला दूध द्यायची. राजा तिच्यावर ओरडला, "दुधात काय घातलंस?"

"महाराज, ज्या भांड्यातलं मी प्याले, त्यातलंच तिला दिलं," रंगू म्हणाली. "आईची शपथ."

पण ऐकतो कोण? रंगूला मोठ्या कणगीखालच्या तळघरात कोंडलं.

पिठाळीला पुरायच्या आधी कापडात शिवायचं होतं. ते काम ठकूबाईकडे आलं. तिने पिठाळीचं डोकं सारखं करायला हात लावला, तर ओठाच्या कडेला केसाएवढं काहीतरी चमकलं. जरीचा दोरा. तोंडातून निघालेला, आणि दुसरं टोक कुठे आत, पोटात. ठकूबाईने तो ओळखला, आपल्याच पक्ष्याच्या शेपटीचा. खाली तळघरात रंगू रडत होती ते ऐकू येत होतं. ठकूबाईने दोरा बोटाने आत सारला, कापड ओढून घेतलं आणि शिवून टाकलं. कुणाला काही बोलली नाही.

हो यमू, वाईटच केलं तिने.

आणि मग दुसऱ्या दिवशी भर दुपारी कणगीपूरची सगळी मांजरं उठली. भिंतींवरून उतरली, चुलींपाशी होती ती बाहेर आली, बाळंतिणींनी आपली पिल्लं तोंडात धरली. एकामागून एक, रांगेने, नदीच्या उतारातून पलीकडे गेली. एकानेही मागे वळून पाहिलं नाही. माणसं "या, या" म्हणत राहिली.

मग उंदीर आले. आधी कणग्यांत, मग माजघरात, मग पाळण्यांत. तळघरात रंगूच्या पायांना उंदीर चावू लागले. आणि कुमुद? कुमुद बोलेनाशीच झाली. अक्षर नाही. दोन घास खायची आणि कणगीमागे जाऊन बसायची, जिथे पिठाळी बसली होती तिथे.

राजाने दवंडी पिटवली, मांजरं परत आणेल त्याला मागेल ते देईन. ठकूबाईने ऐकलं आणि तिच्या मनात आलं, खेळणं करून नेलं तर येतील.

नदीपलीकडे विटांची एक जुनी भट्टी होती, विझून किती वर्षं झाली होती कोण जाणे. तिथे राखेत सगळी मांजरं बसली होती. मध्ये एक म्हातारी काळी भाटी, म्हणजे मांजरी, मिशा पांढऱ्याशुभ्र. आणि ती माणसासारखी बोलायची.

ठकूबाईने लाकडाचा उंदीर नेला होता. लाखेचा रंग दिलेला, गुंजांचे लाल डोळे डिंकाने चिकटवलेले.

"कशासाठी आणलंस?" भाटीने विचारलं.

"मावशी, राजाच्या कणग्या वाचाव्यात म्हणून."

भाटीने एक नखी उचलली आणि उंदराच्या डोळ्याला लावली. टुणकन गुंज उडाली. "ही पिल्लाने गिळली तर? गुंज विषारी असते ठकू. जा घरी."

ठकूबाई गेली. मग दुसऱ्यांदा आली. आता तिने लोकरीचा गुंडा आणला होता, मऊ मऊ, डोळे नाहीत, मणी नाहीत.

"हे कशासाठी?"

"मावशी, तळघरात रंगूचे पाय उंदीर कुरतडतायत. तिच्यासाठी."

भाटीने गुंड्यात नख अडकवलं आणि चालायला लागली. चालता चालता गुंडा उलगडला. भट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता दोराच दोरा. "हा कुणाच्या आतड्यात गुंतायचा?" भाटी म्हणाली.

ठकूबाईचं तोंड उतरलं. सगळा दोरा गोळा करून ती घरी आली.

मग तिने काय केलं? आपलं जाडंभरडं लुगडं घेतलं आणि कातरलं. त्याच्याच चिंध्या आत ठासून भरल्या आणि चेंडू केला, मांजराच्या तोंडात मावणार नाही एवढा मोठा. दुहेरी शिवण घातली, टाक्याला टाका लागून. गाठी सगळ्या आत घेतल्या. मणी नाही, घुंगरू नाही, डिंक नाही, लोंबणारं काही नाही. मग तो दातांनी ओढून पाहिला, नखांनी उचकटून पाहिला, रात्रभर पाण्यात भिजवून पिळून पाहिला. एक धागा सुटला नाही. दिसायला मात्र अगदीच साधा, मातकट.

तिसऱ्यांदा ती भट्टीवर गेली. भाटीने चेंडू उलटापालटा केला. चावला. ओढला. मग विचारलं, "हा कशासाठी?"

ठकूबाई राखेत खाली बसली. "पिठाळीला मी मारलं," ती म्हणाली. "गाठ सैल होती. मला दिसली होती. आणि मग दोराही दिसला, तो मी लपवला."

सगळी मांजरं तिच्याकडे बघत होती. कुणी फिसकारलं नाही.

"मला कशाला सांगतेस?" भाटी म्हणाली. "मला माहीत होतं. जिथे सांगायचं तिथे जाऊन सांग."

मग ठकूबाई तशीच राजाच्या दरबारात गेली. राजा बसला होता, खांबाशी कुमुद बसली होती, गुडघ्यांवर डोकं ठेवून. ठकूबाईने सगळ्यांदेखत सांगितलं. गाठ सांगितली, दोरा सांगितला, कापड शिवलं ते सांगितलं. "रंगूने काही केलेलं नाही महाराज. तिला सोडा. माझं काय करायचं ते करा."

राजा तलवार उपसून उठला. आणि तेवढ्यात, इतके दिवस मुकी असलेली कुमुद ओरडली, "तिने नाही! मी मारलं!"

राजा तसाच उभा.

"तिच्या तोंडात दोरा दिसत होता," कुमुद म्हणाली. तिचा आवाज गंजल्यासारखा झाला होता. "मी ओढला. निघेना, म्हणून जोरात ओढला. ती खूप ओरडली. मग ती कणगीमागे गेली. बाबा, मी ओढला म्हणून ती मेली."

बघा हं. एवढंसं पोर, आणि हे सगळं एकटीने पोटात ठेवलं होतं.

ठकूबाईला तलवारीचं भानच राहिलं नाही. ती धावत गेली आणि कुमुदपुढे बसली. "नाही ग माझ्या बाई. दोरा गिळलेला दिसला तर ओढायचा नसतो, वैद्याला दाखवायचा असतो. पण हे तुला कुणी सांगितलं होतं का? नव्हतं सांगितलं. मोठ्यांनी सांगायचं असतं. तू तर तिचं दुखणं काढायला गेलीस. दोरा सुटा ठेवला तो मी. माझं आहे ते, मला दे."

मग कुमुद रडली. आई गेली तेव्हा रडली नव्हती, ते रडणंही त्याच्यातच आलं. राजाने तलवार खाली टाकली. "चमचमणारं हवं, असं मीच म्हटलं होतं," एवढंच तो म्हणाला, आणि स्वतः तळघराची कडी काढायला गेला.

रंगू बाहेर आली ती भिंत धरून. तिच्या पायाची दोन बोटं गेली होती. राजाने तिला हात जोडले, वाड्यातच राहा म्हणाला. रंगू म्हणाली, "महाराज, माझं मन उडालं इथून." आणि ती भावाच्या गावी निघून गेली, ती परत आली नाही. राजाने दर दिवाळीला तिच्याकडे माणूस पाठवला. ती माणसाला जेवू घालायची, पण निरोप काही द्यायची नाही.

मांजरं परत आली. सगळी नाही, बरीचशी. म्हातारी भाटी तिथेच भट्टीवर राहिली.

राजाने ठकूबाईला शिक्षा केली नाही. तिने स्वतःच राजाकडे एक मागून घेतलं. दिवाळीच्या आधी घरोघरी जायचं, पोरांना चेंडू शिवायला शिकवायचं, आणि प्रत्येक घरी पिठाळीचं कसं झालं ते आपल्या तोंडाने सांगायचं. पहिल्या वर्षी लोकांनी तिच्या तोंडावर दारं लावली. दुसऱ्या वर्षी उंबऱ्यावर बसू दिलं. तिसऱ्या वर्षी कुमुद तिच्याबरोबर निघाली, सुईदोऱ्याचा डबा घेऊन. पोरांनी शिवलेला प्रत्येक चेंडू कुमुद आधी आपल्या दातांनी ओढून बघायची. एक टाका जरी हलला तरी म्हणायची, "उसव. परत शिव." त्या बाबतीत ती कुणाचं ऐकायची नाही, राजाचंसुद्धा.

आणि मग कणगीपुरात राजा, कुमुद, ठकूबाई आणि मांजरं सगळी सुखात राहिली. सगळी म्हणजे, जी उरली होती ती.

नंदू झोपला वाटतं. यमू, तूही मीट आता डोळे. मी आहे इथे, दिवा बारीक करते.