वेशीतला हेला

कोनेरवाडीच्या वेशीत शिरताना रस्ता एकाएकी डावीकडे वळतो. समोर ना विहीर, ना देऊळ. गवत उगवलेला नुसता लांबट उंचवटा. नवखा गाडीवाला तिथे हमखास ब्रेक दाबतो आणि रस्ता करणाऱ्याच्या नावाने खडे फोडतो. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. उंचवट्याखाली धुरपाचा हेला, म्हणजे रेडा, पुरलेला आहे, आणि त्याच्यावरून चाक न्यायचे नाही, असा गावाचा दंडक आहे.

धुरपा ही बुळकांडीच्या, म्हणजे ढोरांच्या साथीच्या सालातली, असे सांगतात. मेलेले ढोर ओढून माळावर नेण्याचे काम गावाने पिढ्यान्‌पिढ्या तिच्याच घराच्या गळ्यात मारलेले. बदल्यात, ज्याच्या गोठ्यात जितकी जनावरे तितक्या पायल्या ज्वारी त्याने सुगीला खळ्यावर द्यायची. तीही दुरून टाकलेली. नवरा गेला, पोटी मूल नव्हते. घरात उरले दोनच जीव, ती आणि ओढकामाचा काळा हेला. दिवसभरात ती दोन शब्द बोलायची ती त्याच्याशीच.

बुळकांडी आली आणि गोठे ओस पडू लागले. पहाटेपासून हाका सुरू व्हायच्या. हेल्याला दोर जोडायचा, माळ गाठायचा, खोल खड्डा करून ढोर पुरायचे. पुरून झाले की धुरपा थोडा वेळ तिथेच बसे. परत जाऊन तरी कोणाशी बोलणार होती? ज्या गाईचे दूध अख्ख्या घराने प्यायले, तिच्यामागे एक माणूस माळापर्यंत येऊ नये, याचे तिला फार वाईट वाटायचे.

सुगीला ती खळ्यावर गेली, तर लोक म्हणाले, "जनावरंच ऱ्हायली न्हाईत, मग पायली कशाची?" म्हणजे मेलेली ढोरे हिनेच ओढायची, आणि ती मेली म्हणून घासही हिचाच जायचा. गावाची अक्कल अशी सरळ रेषेत चालते!

मग एके दुपारी तिचा हेलाच वेशीत बसला, तो उठला नाही.

तिने दोर बांधून पाहिला. एकटीने ओढले की धूड आडवे फिरायचे. दुसऱ्या टोकाला माणूस हवाच होता. ती दारोदार गेली. "दाणं नकोत. दोराचं येक टोक धराया येक माणूस द्या." कोणाच्या घरी नेमका सण निघाला, कोणाची कंबर धरली. पाटलाने ओट्यावरूनच सांगितले, "आमचा हात लागत न्हाई त्याला, धुरपे. तुजं काम तू बघ."

तिने हेल्याला लागूनच, भर वेशीत कुदळ घातली. तीन दिवस खणत होती म्हणे. वाट अडली, वास सुटला, तेव्हा पंच मंडळी नाकाला उपरणे लावून आली. बुडवलेल्या पायल्या देतो, वर दुप्पट देतो, पण हे माळावर ने, असे म्हणू लागली. धुरपा खड्ड्यातूनच बोलली, "त्या पायल्या माज्या हक्काच्याच हायेत, त्या द्याच. पर ज्वारी दोर वढती का?"

कोणी पुढे झाले नाही. तिने एकटीनेच हेल्याला मूठमाती दिली आणि खोपटाचे दार लावून घेतले. त्यानंतर ती कोणाच्या हाकेला गेली नाही.

महिन्याभराने पाटलाची कालवड मेली. लेकीला आंदण द्यायला राखलेली, घरातली लाडकी. दोन दिवस ती गोठ्यात तशीच पडून होती. पाटील दारोदार फिरला, आणि त्याला मिळालेली उत्तरे त्याच्या चांगल्या ओळखीची होती. तिसऱ्या दिवशी तो खांद्यावर दोर टाकून धुरपाच्या खोपटासमोर उभा राहिला.

"येक टोक म्या धरलंय," एवढेच त्याला बोलता आले.

धुरपाला नाही म्हणता आले असते. साऱ्या गावात तसा हक्क कोणाला असेल, तर तो तिलाच. पण दुसऱ्या टोकाला कोणी नसले की काय होते, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक होते? ती उठली.

दोघांनी कालवड माळावर नेली, पुरली. पाटील हात झटकून निघाला, तशी ती म्हणाली, "बसा वाईच. म्या हितं कायम येकटीच बसले."

पाटील मातीत बसला. ती उठली, तेव्हाच तोही उठला, असे सांगतात.

पुढच्या सुगीपासून ढोर जगो की मरो, गोठ्यामागे पायली ठरली, आणि मेल्या ढोरामागे मालकाने माळावर जायचे ठरले. धुरपा गेल्यावर ते काम कोणत्याही एका घरावर लादले गेले नाही. जो करील, त्याला त्या धान्यातून मिळू लागले.

आजही ही ढोरवर्गणी जमते, फक्त सुगीऐवजी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. आता ती पैशांत असते आणि तिच्यावर ग्रामपंचायतीची गाडी चालते. ढोर यंत्र उचलते, खड्डाही यंत्रच खणते. माणूस लागतो तो एक चालक. तरी मालक त्याच्या शेजारी बसून माळावर जातो, आणि माती लोटून झाली की त्याच्यासोबत तिथेच बसतो. चालक उठल्याशिवाय उठायचे नाही. सध्याचा चालक केरबा परगावचा, बायकोमुलांपासून लांब, एका खोलीत राहणारा. सुरुवातीला त्याला वाटले, आपल्यावर पाळत ठेवतात. आता काम संपले तरी तो बराच वेळ उठत नाही, आणि त्याला कोणी घाई करत नाही.