कोंडाचा ओटा

शहराच्या पश्चिमेला कुरणाची टेकडी आहे. आता तिथे वनउद्यान झाले आहे. फाटकापासून माथ्यापर्यंत पाऊण तासाची वाट आहे, इतकी सोपी की गुडघे दुखणारी माणसेही काठी टेकत वर जाऊन येतात. अर्ध्या वाटेवर, जिथे ती डावीकडे वळते, तिथे दगडांचा एक ओटा आहे. नवखे लोक तिथे दम खायला थांबतात आणि गोंधळतात, कारण तो ओटा मोठ्या बाईच्या छातीएवढा उंच आहे. त्यावर चढून बसता येत नाही आणि त्याची सावलीही कोणाच्या उपयोगी पडत नाही.

रविवारी सकाळी लोकांना टेकडी दाखवायला इठाबाई येतात. त्या उद्यानाच्या रोपवाटिकेत काम करतात, आणि त्यांच्या आजीपर्यंतच्या साऱ्या बायकांनी याच टेकडीवर गवत कापले आहे. कोणी ओट्याबद्दल विचारले की त्या आधी डोक्यावरचा पदर सारखा करतात आणि मग सांगू लागतात.

फार पूर्वी, म्हणे, ही टेकडी संस्थानाचे राखीव कुरण होती. खालच्या वाडीतल्या सात बायकांना गवत कापायची परवानगी होती. त्या सकाळी चढायच्या आणि दिवस कलला की भारे घेऊन उतरायच्या. ओल्या गवताचा भारा डोक्यावर चढला की त्याच्या काड्या नाकापर्यंत खाली येतात. बाईला मान वळवता येत नाही, वर बघता येत नाही. दिसतात फक्त पुढच्या बाईच्या टाचा. त्या टाचांमागे आपले पाय टाकत जायचे, एवढेच. आणि एकदा भारा खाली टाकला की एकटीला तो परत डोक्यावर घेता येत नाही. उचलून द्यायला दुसरी लागतेच.

सगळ्यात पुढे येसूआत्या असे. या वळणावर ती थांबायची आणि मागे न बघता हाक द्यायची, “हायसा का गं?” पहिले “हाय” ती स्वतःच म्हणे, मग पुढून मागे एकेक जण म्हणायची, “हाय.” सात वेळा “हाय” ऐकले की येसूआत्या म्हणे, “चला.” एखादी मागे राहिली असेल, तर ती येईपर्यंत सगळ्यांनी डोक्यावर भारा तोलत उभे राहायचे. मानेत कळ यायची. म्हणून बायका कधीकधी एक लबाडी करत. मागची जरा रेंगाळली असेल, तर पुढची आवाज बदलून तिचेही “हाय” म्हणून टाकी. ती मागून धावत येई आणि ओळीला लागे. कोणाचे काही बिघडत नसे.

ओळीत सहावी ठमा होती आणि सातवी तिची धाकटी जाऊ, कोंडा. कोंडाचे लग्न होऊन वर्षही झाले नव्हते.

त्या दिवशी भाद्रपदातले धुके टेकडीवर उतरले होते. ठमाचे तीन महिन्यांचे मूल घरी सासूपाशी होते. दुपारपासून तिची चोळी दुधाने भिजली होती आणि छाती ठणकत होती. तेवढ्यात मागून कोंडाचा आवाज आला, “अक्का, काटा भरलाय वं. जरा थांबवा की आत्यास्नी.”

“ये की लंगडत. लई नाजूक झालीस व्हय गं?” ठमा म्हणाली.

“न्हाय टेकवत पाय. मी भारा टाकलाय.”

 ठमा चालतच राहिली. वळणावर येसूआत्याची हाक आली. पुढून पाच वेळा “हाय” झाले. ठमाने आपले म्हटले. मग तिने तोंड जरा मिटून, बारीक आवाज काढून आणखी एकदा म्हटले, “हाय.”

“चला,” येसूआत्या म्हणाली.

वाडीत भारे उतरले, तेव्हा सहाच होते. गडीमाणसे दिवट्या घेऊन वर गेली. वाटेवर कोंडाचा भारा सापडला. बांधलेला, उभा, एक काडीही न विस्कटलेला. शेजारी एका पानावर बोटाएवढा काटा काढून ठेवलेला होता. कोंडा मात्र कधीच सापडली नाही. कोणी म्हणाले बिबट्याने नेले, कोणी म्हणाले धुक्यात कड्यावरून गेली. पण येसूआत्या सगळ्यांसमोर ठामपणे म्हणाली, “माझ्या या कानांनी सात ‘हाय’ ऐकल्यात. कोंडा मागं ऱ्हायली हुती, मग सातवं कोन बोललं?”

 टेकडीवर काहीतरी आहे आणि ते माणसाच्या आवाजात बोलते, असे वाडीत ठरले. ठमा मुलाला पाजत कोपऱ्यात बसली होती. तिने मान वर केली नाही.

बाराव्यानंतर सहाजणी पुन्हा वर गेल्या. गुरे दावणीला हंबरत होती, न जाऊन चालणार नव्हते. उतरताना वळणावर येसूआत्याने हाक दिली. सहा जणींनी ओ दिली. शेवटची ठमाच होती. आणि मग बऱ्याच वरून, धुक्यातून, कोणीतरी म्हणाले, “हाय.”

त्या दिवशी बायका अक्षरशः पळत उतरल्या, असे सांगतात. दुसऱ्या दिवशी वळणावर हिरवा खण ठेवला, नारळ फोडला. पण उतरताना तो आवाज आदल्या दिवसापेक्षा जवळून आला. तिसऱ्या दिवशी तो इतका जवळ होता की ठमाच्या भाऱ्याच्या मागच्या काड्या हलल्या.

“ठमे, तुझ्या पाठीशी कोन हाय गं?” तिच्या पुढची राधू कुजबुजली.

“मला काय ठावं? माझ्या पाठीला डोळं हायेत का?” ठमा म्हणाली. 

चौथ्या दिवशी धुके सगळ्यात दाट होते. वळणावर हाक आली. पाच वेळा “हाय” झाले. ठमाने तोंड उघडले, आणि तिच्या घशातून काही निघण्याआधीच तिचाच आवाज तिच्या कानाशी म्हणाला, “हाय.”

अगदी तिचा. सकाळपासून बसलेला, जरासा चिरका.

“चला,” येसूआत्या म्हणाली.

राधूच्या टाचा उचलल्या आणि धुक्यात पुढे गेल्या. ठमाने पाऊल टाकायला पाहिले, तर पाय हलेना. तिने ओरडायला पाहिले, पण ओल्या गवताआड तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. भेगाळलेल्या त्या टाचा पांढुरक्या झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. तेव्हा तिला कळले. ज्या बाईच्या वाट्याचे “हाय” दुसरेच कोणी बोलते, तिच्यासाठी ओळ थांबत नाही. ती या टेकडीवरच राहते. कोंडालाही अशाच टाचा जाताना दिसल्या असतील. आणि खाली घरी तिचे मूल या वेळी जागे होत असेल.

मग ठमाने ते केले, जे कुरणातली बाई मधल्या वाटेत कधी करत नाही. तिने भारा फेकून दिला. ओले गवत धप्पकन दगडांवर आदळले आणि तो आवाज खाली पोचला.

“कोन पडलं?” येसूआत्याने विचारले.

“मी बोलले न्हाय, आत्या!” ठमा किंचाळली. आता तिचा आवाज मोकळा झाला होता. “मी अजून हाय म्हनलेच न्हाय! आन त्या दिशी कोंडीचं मीच म्हनलं हुतं. तिनं हाक मारली हुती मला. मी ऐकली हुती.”

 मग खालून एकामागून एक पाच भारे जमिनीवर पडल्याचे आवाज आले. येसूआत्या चढून वर आली. तिने ठमाला मारले नाही की शिवी दिली नाही. ती एवढेच म्हणाली, “मग आता तिचं तिला बोलू दे.” आणि तिने त्या वाटेवर पहिल्यांदाच मागे तोंड करून हाक दिली, “कोंडे, हायस का गं?”

सहाजणी उभ्या राहिल्या. किती वेळ, ते कोणालाच नंतर सांगता आले नाही. मग वरून पावले ऐकू आली. एक पूर्ण टेकलेले, एक नुसते चवड्यावर. एक पूर्ण, एक चवड्यावर. बायकांनी माना खाली घातल्या. पावले ठमाजवळ येऊन थांबली. ओल्या गवताचा वास आला.

“सहावी मी,” ठमा म्हणाली. “हाय.”

आणि तिच्या शेजारून, अगदी हळू, दमल्यासारखे कोणीतरी म्हणाले, “हाय.”

त्या सहाजणी भारे तिथेच सोडून उतरल्या. ठमा सगळ्यांत मागे चालली. तिच्यापुढे एका बाईची जागा रिकामी होती आणि ती त्या जागेच्या मागे पाय टाकत होती. दुसऱ्या दिवशी वाडीने चिखलात पाहिले, तर पायथ्याच्या ओढ्यापर्यंत सात जणींची पावले होती, त्यांत एक जोड लंगडी. ओढ्यापलीकडे सहाच.

ठमाने नंतर कधी दुसरीला पुढे सोडल्याशिवाय पाऊल टाकले नाही. रोज वर जाताना ती एक दगड न्यायची. छातीएवढा ओटा रचला, म्हणजे एकटीलाही त्यावर भारा टेकवता येतो आणि कोणी उचलून न देता परत डोक्यावर घेता येतो. तो पुरा व्हायला अकरा वर्षे लागली, म्हणे.

आता कुरणात कोणी गवत कापत नाही. तरी आजही त्या वाटेने जाणारे लोक ओट्यापाशी थांबतात आणि ज्याची त्याने ओ द्यायची असते. गेल्या रविवारी उतरताना इठाबाईंच्या मागे चौदा जण होते. तेरा जणांनी उत्तर दिले. एक बाई हसून म्हणाल्या, “आमचे हे मागे फोटो काढतायत हो. आहेत ते, चला तुम्ही.”

इठाबाई हलल्या नाहीत. “त्यांचं त्यांना बोलू द्या, बाई,” त्या म्हणाल्या.

 बाईंचे हसू हळूहळू ओसरले. त्या वळणाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी नवऱ्याला नावाने हाक मारली, आणि पुन्हा, आधीपेक्षा मोठ्याने. वरून पावले येऊ लागली, तेव्हा त्यांनी ती नीट कान देऊन ऐकली. दोन्ही पावले पूर्ण टेकत होती.