टिटव्याचा पहारा

फार पूर्वी, माळावर नुकतीच जत्रा भरू लागली होती, तेव्हाची गोष्ट. तिथे एक टिटवा आणि टिटवी आपल्या पिल्लासह राहत. टिटव्यांचं घरटं उघड्या जमिनीवर असतं, म्हणून पहारा कानांनी करायची त्यांची रीत. रातकिडे किरकिरत आहेत तोवर धोका नाही. ते गप्प झाले की कुणीतरी चालत येतंय असं समजायचं आणि ओरडून पिल्लाला दडायला सांगायचं.

टिटव्याला जत्रेतले ढोल फार आवडत. दिवसभर तो त्यांना अगदी खेटून बसे.

"अहो, जरा लांब बसा की! कान आहेत ते, दगड नव्हेत," टिटवी म्हणे.

"छातीत घुमला नाही तर तो ढोल कसला?" तो हसे.

जत्रा उठली. संध्याकाळी टिटवी पाण्यावर गेली. पिल्लू मागे गवतात किडे टिपत होतं. टिटवा पुढे तोंड करून बसला. त्याला किरकिर ऐकू येत होती, म्हणून तो निर्धास्त होता.

टिटवी परतली, तर गवतात कोल्ह्याची पावलं उमटलेली. पिल्लू नव्हतं.

"तुम्ही ओरडला का नाहीत?"

"कशाला ओरडू? रातकिडे किरकिरतायत. आत्ताही. ऐक ना!"

टिटवीने ऐकलं. सगळा माळ चिडीचूप होता.

"अहो, एकही रातकिडा बोलत नाहीये."

टिटव्याने डोकं झटकलं, पुन्हा झटकलं. किरकिर त्याच्या कानांतच होती.

"म्हणजे," तो अडखळला, "पिल्लाने मला हाक मारली असेल?"