दानशूर राजाचं बोचकं

खापरवेल नावाचं गाव होतं. शहाण्यांनी नुसतं भरलेलं. पारावर कोणीही बसावं आणि देश कसा चालवायचा ते सांगावं. भोळा म्हणाल तर अख्ख्या गावात एकच, चिंधू शिंपी.

भोळा म्हणजे किती? "थांब, आलोच" म्हणून एकजण त्याला एस्टी स्टँडवर उभा करून गेला आणि परस्पर सासुरवाडीला मुक्कामी राहिला. चिंधू अंधार पडेपर्यंत तिथंच. शेवटी बायको गजरा कंदील घेऊन आली आणि हाताला धरून घरी घेऊन गेली. वाटेत हा तिलाच म्हणतो, "अगं, तो आला म्हणजे काय वाटेल त्याला!"

पण चिंधूचा एक नियम होता. एकदा केलेली चूक पुन्हा करायची नाही. तुम्ही म्हणाल, मग हा शहाणाच की! ऐका तर पुढं.

चिंधूचं दुकान ग्रामपंचायतीच्या खोलीत होतं. पुढं मशीन, मागं चूल. बापानंही तिथंच शिवलं आणि तिथंच डोळे मिटले. त्या खोलीवर सरपंच रंगरावांचा डोळा होता. सगळे त्यांना आप्पा म्हणत. आप्पांच्या भाच्याला मोबाइलचं दुकान टाकायचं होतं, आणि त्याला ऐन चौकातलीच जागा हवी होती.

अशात त्या वर्षी तालुक्याची कॉस्प्ले स्पर्धा खापरवेलच्या जत्रेत भरायची ठरली. कॉस्प्ले म्हणजे काय ते गावाला ठाऊक नव्हतं. शाळेच्या शिर्केबाईंनी पारावर समजावून सांगितलं, "सोंगंच हो. एखाद्या पात्रासारखा पोशाख करून यायचं. मागच्या वर्षी तालुक्याला सगळी पोरं जपानी कार्टून होऊन आली. निळे केस, केशरी केस, कोण कोणाचं पोर ते आईलाही ओळखू येईना. म्हणून यंदा नियम काढलाय. कार्टून सोडून बोला. गोष्टीतलं, शेतातलं, घरातलं, काहीही चालेल."

आप्पा फोनवर बोलत होते. आप्पा कायम फोनवरच असत. फोन कानाचा जरा बाजूला करून ते म्हणाले, "गावाची सोंगं चिंधू शिवेल. पण ऐक रे चिंधू. एक जरी सोंग स्पर्धेत फसलं तर खोली रिकामी करायची. भाचा माझा ताटकळलाय." आणि फोन परत कानाला.

चिंधू पारावरून उठला. घरी येऊन तो गजराला म्हणाला, "खोली गेली तर मशीन कुठं ठेवू गं? बाबांचं आहे."

गजरा म्हणाली, "काही जात नाही खोली. लोक सांगतील तसं करा. आणि चुकलंच तर लपवू नका, सगळ्यांदेखत कबूल करा. कबूल करणाऱ्याला माणसं सांभाळून घेतात."

चिंधूनं मान डोलावली. ऐकलेलं तो विसरत नसे. तोच तर सगळा घोटाळा होता.

पहिला आला पोस्टमन तुळशीदास. उंच, किडकिडीत. म्हणाला, "चिंधूशेठ, मला बुजगावणं व्हायचंय."

चिंधूनं माप घेतलं. पांढरंशुभ्र कापड काढलं, सदरा शिवला, विजार शिवली, कांजी घातली, इस्त्री अशी केली की घडीनं बोट कापावं. असा सुरेख पोशाख तुळशीदासला लग्नातही मिळाला नव्हता. तो खूश होऊन अंगात घालून रंगीत तालमीला गेला आणि पारासमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला.

लोकांना वाटलं, कोणीतरी उमेदवार आलाय. एकानं हार घातला. एकानं रस्त्यावरच्या खड्ड्यांची तक्रार सांगितली. बुजगावणं काहीच बोललं नाही, तेव्हा तर लोकांची खात्रीच पटली.

तुळशीदास तणतणत दुकानात आला. "अहो, बुजगावणं असं कोरं करकरीत असतं का? कापड टराटरा फाडायचं, चिखलात लोळवायचं, आत पेंढा कोंबायचा. एवढं कळत नाही?"

"चुकलं," चिंधू म्हणाला. "पुन्हा नाही होणार."

आणि खरंच, ती चूक त्यानं पुन्हा केली नाही.

दुसऱ्या आल्या पोलीस पाटलांच्या विमलकाकू. त्यांना गोष्टीतली राणी व्हायचं होतं. त्यांनी ट्रंकेच्या तळातून स्वतःच्या लग्नातला शालू काढून आणला होता. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता त्याला. चिंधूच्या हातात देताना काकूंचे डोळे भरून आले. "जप रे बाबा. माझ्या आईनं घेतलेला आहे."

"जपतो काकू," म्हणाला चिंधू. आणि कामाला लागला. शालू टराटरा फाडला. म्हशींच्या हौदापाशी नेऊन चिखलात चांगला लोळवला, उलटा आणि सुलटा. वाळवला. मग आत पेंढा कोंबला, पदरात सुद्धा. ठासून. तुळशीदासच्या वेळी राहिलं होतं ते सगळं त्यानं या खेपेला मनापासून केलं.

तालमीला काकूंनी सगळ्या बायकांना गोळा केलं आणि कौतुकानं गाठोडं सोडलं. कोणी काही बोलायच्या आत त्यांचीच गाय पुढं आली आणि राणी खाऊ लागली. पदरापासून सुरुवात केली तिनं.

काकूंनी जो टाहो फोडला तो वेशीपर्यंत ऐकू गेला. "मेल्या, हे काय केलंस? राणी आहे ती, राणी! मढवायची तिला! आरसे, टिकल्या, घुंगरं! लांबून लखलखली पाहिजे, चालली की छुमछुम वाजली पाहिजे, मागं हातभर घोळ लोळला पाहिजे!"

चिंधू खरोखर रडला. गजरानं शालूचे उरलेसुरले तुकडे धुतले, आणि तिनं आणि काकूंनी मिळून त्यांची गोधडी केली. काकू त्याच्याशी बोलेनाशा झाल्या. पण आप्पांना त्यांनी काही सांगितलं नाही. खोलीचं त्यांनाही ठाऊक होतं.

"चुकलं," चिंधू म्हणाला. "पुन्हा नाही होणार."

तिसरा आला डेअरीवाला भानुदास. त्याला गोष्टीतला चोर व्हायचं होतं.

आता मधेच एक सांगायला हवं. खापरवेलमध्ये चोर हा विषय जरा नाजूक होता. वर्षभरात गावातून बऱ्याच वस्तू नाहीशा झाल्या होत्या. शाळेची पितळी घंटा गेली. देवळातली समई गेली. रस्त्यावरचे सोलरचे दिवे गेले, पाण्याच्या टाकीच्या तोट्या गेल्या. ग्रामसभेत लोकांनी विचारलं तेव्हा आप्पा म्हणाले, "माकडं." माकडांना समई कशाला लागते, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. उलट आप्पांनी माकडांच्या बंदोबस्ताचा ठराव केला आणि शहाण्या लोकांनी हात वर करून तो मंजूरही केला.

तर भानुदासचा चोर. चिंधूनं त्याला मढवला. छातीला आरसे, बाह्यांना टिकल्या, कमरेला घुंगरं, मागं हातभर जरीचा घोळ. भानुदास स्वभावानं गरीब. "शिवलाय तर घालून बघू," म्हणाला. तालमीत तो देवळाच्या भिंतीवरून दबकत उतरणार होता. उतरला. छुमछुम, छुमछुम. विजेच्या दिव्याखाली आला आणि सगळ्या पारावर कवडसे पडले. बायकांना वाटलं, नवरदेव आला. दोघींनी पुढं होऊन ओवाळलं. एकीनं नवरी कुठली म्हणून विचारलं. चोर घोळात पाय अडकून पडला, तेव्हा मानपान राहिला म्हणून रुसून बसलाय असं समजून त्याला उठवायला चौघं धावले.

भानुदास कपाळ चोळत म्हणाला, "अरे चिंध्या, चोर असा असतो होय? काळे कपडे, तोंडाला फडकं, अनवाणी पाय, पाठीला बोचकं! आणि बोचक्यात कापूस नाही कोंबायचा. खराखुरा चोरीचा माल हवा. लोकांनी बघितलं की वाटलं पाहिजे, अरे, ही तर आपलीच वस्तू!"

"चुकलं," चिंधू म्हणाला. "पुन्हा नाही होणार."

त्याच संध्याकाळी आप्पा स्वतः दुकानात आले. फोन कानाला. "हां, बोला बोला... चिंधू, मला दानशूर राजा व्हायचंय. गावाला सगळं देऊन टाकणारा. स्पर्धेला आमदारसाहेब येणारेत... हां, ऐकतोय, बोला... सोंग कोणाला दाखवायचं नाही, बायकोलाही नाही. ऐन वेळी एकदम अंगावर चढव. तालीम बिलीम मला वेळ नाही. आणि हे फसलं तर खोलीची किल्ली तिथल्या तिथं घेणार. कळलं?"

चिंधूला त्या रात्री झोप आली नाही. खोलीचा प्रश्न होता. त्यानं भानुदासचा शब्द न् शब्द आठवला आणि सकाळी कापायला बसला. काळा अंगरखा शिवला. काळं फडकं शिवलं. बोचकं शिवलं, दुहेरी टाक्याचं. राहिला चोरीचा माल. तो कुठून आणायचा? सोंग आप्पांचं, तेव्हा तो आप्पांच्याच घरी गेला.

ओट्यावर आप्पांच्या म्हाताऱ्या आई वाती वळत बसल्या होत्या.

"आजी, आप्पांच्या सोंगाला चोरीचा माल पाहिजे होता."

आजींनी वर बघितलंही नाही. "माळ्यावर बघ, बाबा. शिडी न्हाणीपाशी आहे."

चिंधू शिडी लावून वर चढला. बघतो तर घंटा, समई, सोलरचे दिवे, तोट्या! चिंधूचा ऊर भरून आला. माकडांकडून एवढं सगळं परत मिळवलं, आणि कुठं बोलले नाहीत हो आप्पा! किती झटतो हा माणूस गावासाठी! त्यानं दिसेल ते बोचक्यात भरलं. बोचकं गच्च झालं, तरी माळा अर्धा भरलेलाच होता.

गजरानं विचारलं, "मागच्या वेळचं लक्षात ठेवलंत ना?"

"एकूण एक," चिंधू म्हणाला. तिला बरं वाटलं बिचारीला.

जत्रेचा दिवस उजाडला. पटांगण माणसांनी फुललं. तुळशीदास फाटका मळका होऊन आला, त्याला टाळ्या मिळाल्या. इतर गावांची सोंगं झाली. शिर्केबाई मध्येच पडद्यामागं डोकावून म्हणाल्या, "आप्पा, आता तुम्ही!"

आप्पा फोनवर होते. "हां बोला, पोचतोच स्टेजवर..." चिंधूनं एक हात वर करून बाही चढवली, दुसरा वर करून दुसरी. काळं कापड बघून आप्पांना वाटलं, मखमल असेल. चिंधूनं वहाणा काढून घेतल्या. आप्पांना वाटलं, राजाचे जोडे येतील. फोन काही सुटेना, म्हणून चिंधूनं फोनसकट तोंडाला फडकं बांधलं. आप्पांना उलट सोयच झाली. दोन्ही हात मोकळे झाले. मग पाठीवर बोचकं.

"फार जड आहे रे हे."

"खरं आहे, आप्पा. कापूस नाही."

"मग ठीक. माझं सगळं खरंच लागतं."

बाहेर शिर्केबाई माइकवर सांगत होत्या, "आणि आता येत आहेत, ज्यांनी आपल्याजवळचं सगळं गावाला दिलं, असे दानशूर महाराज!"

पडदा उघडला. काळ्या अंगरख्यात, फडकं बांधलेला, अनवाणी, पाठीला बोचकं लावलेला माणूस दबकत दबकत पुढं आला. दबकत, कारण ओझ्यानं कंबर वाकली होती. डोळ्यांखेरीज काही दिसत नव्हतं. तरी मागून कोणीतरी म्हणालं, "आप्पा आहेत." सगळ्यांनी माना हलवल्या. ओळखायला कोणाला काहीच त्रास झाला नाही.

पहिल्या रांगेतल्या आमदारसाहेबांना बघून आप्पांनी सवयीनं कमरेत वाकून नमस्कार घातला. बोचक्याचं तोंड सुटलं. पितळी घंटा डोक्यावरून स्टेजवर पडली आणि टणणण करून वाजली.

तो आवाज वर्षभरात कोणी ऐकला नव्हता, पण शाळेची पोरं विसरली नव्हती. "सुटली!" म्हणून सगळी एकदम उठली आणि घराकडं धूम पळाली. मागोमाग समई गडगडत आली. देवळाचे गुरव खुर्चीवरून उठले, "अरे, ही तर आपलीच!" तोट्या घरंगळल्या. सोलरचा एक दिवा पडला आणि नेमका लागला. त्याच्या उजेडात आप्पा उभे होते आणि फडक्याच्या आतून फोन विचारत होता, "हॅलो? हॅलो आप्पा? काय पडलं?"

तालुक्याहून आलेले परीक्षक नाटकवाले होते. त्यांना बिचाऱ्यांना गावातलं काय माहीत! ते टाळ्या वाजवत उठले. "वा! राजा सांगून चोर आणलात! चोराचा इतका हुबेहूब पोशाख मी आजवर पाहिला नाही. आणि सामान तर काय जमवलंय! प्रत्येकाला वाटतंय, ही आपलीच वस्तू. कोण आहे तो कारागीर? पुढं या! कुठून आणलंत हो हे सगळं?"

चिंधूला धरून स्टेजवर आणलं आणि त्याच्यापुढं माइक धरला. चिंधूला काही कळेना. आप्पांचे डोळे फडक्यावरून त्याला जाळत होते. सोंग फसलं, एवढं त्याला कळलं. खोली गेली. मशीन उघड्यावर आलं. तेवढ्यात गर्दीत त्याला गजरा दिसली आणि तिचं सांगणं आठवलं. चुकलं तर लपवायचं नाही, सगळ्यांदेखत कबूल करायचं.

त्यानं दोन्ही हात जोडले.

"चुकलं माझं, आप्पा. खोली तेवढी काढून घेऊ नका. बोचकं मी लहान शिवलं, म्हणून निम्मा माल तुमच्या माळ्यावरच राहिला. म्हणत असाल तर आत्ता शिडी लावतो."

त्याला शिडी लावावी लागली नाही. अख्खं गावच आप्पांच्या घराकडं निघालं होतं.