पाहुण्यासमोरचं पान

फार जुनी गोष्ट आहे, तारे पाहून होड्या वाट काढत तेव्हाची. एका लहानशा बेटावर वादळात समुद्राचं पाणी शेतांत शिरलं आणि रताळ्यांचं सगळं बेणं कुजलं. लावायला बेणं नाही, म्हणजे पुढच्या वर्षी खायला काही नाही.

बेटाचा तरुण नायक मोठा मानी. बेणं मागायला तो दूरच्या किनाऱ्यावर माओरी लोकांच्या एका गावी निघाला. त्याची काकू त्याच गावची लेक, म्हणून तिलाही सोबत घेतलं. होडीत ती तिथल्या रीती सांगू लागली, तर हा म्हणाला, "काकू, चार लोकांत कसं वागावं ते मला कळतं!"

गावाच्या अंगणात पाऊल टाकतो तोच एक योद्धा भाला फिरवत समोर आला. त्याने डोळे वटारले, लांबलचक जीभ काढली आणि एक हिरवं पान जमिनीवर ठेवून तो मागे सरला.

नायकाचं डोकं फिरलं. "पाहुण्याला वेडावून दाखवता?" असं म्हणत तो पान ओलांडून तरातरा पुढे निघाला.

त्याबरोबर गावातले सगळे भाले त्याच्याकडे वळले.

"अरे शहाण्या, थांब!" काकू ओरडली, आणि आपल्या लेकीचा आवाज ऐकून भाले जागीच थांबले. "तो विचारतोय, मित्र म्हणून आलास की वैरी म्हणून? त्याच्याकडे बघत पान उचललंस तर मित्र. ओलांडलंस तर लढाई! मागे फिर आणि पुन्हा नीट ये!"

"मी वाकू? एवढ्याशा पानासाठी?"

"पानासाठी नको वाकूस. घरी पोरं उपाशी राहतील, त्यांच्यासाठी वाक."

नायक वळला. होडीपर्यंत मागे गेला आणि पुन्हा आला. योद्ध्याने पुन्हा जीभ काढली, या वेळी जरा जास्तच. नायकाला हसू फुटत होतं, पण नजर न हलवता त्याने वाकून पान उचललं.

लगेच बायकांची लांब हाक घुमली, "हाएरे माई! या, या!" गावची म्हातारी प्रमुख पुढे आली. "मघाशी तुझं नाक फार उंच होतं बाबा, माझं पोचलं नसतं!" असं म्हणून तिने त्याच्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवलं. दोघांनी मिळून श्वास घेतला.

"आता आपला श्वास एक झाला," ती म्हणाली. "तू घरचा झालास. घरच्या पोरांना कोण उपाशी ठेवतं?"

तिसऱ्या दिवशी बेण्याच्या टोपल्यांनी भरलेली होडी परत निघाली. पुढच्या वर्षी त्या बेटावर एकही मूल उपाशी झोपलं नाही.

तात्पर्य: दुसऱ्याच्या दारी त्याच्या रीतीचा मान राखणारा लहान होत नाही, तो त्याच्या घरचा होतो.