तासाचा हुकूम आणि डाळिंबबागेतला ट्रॅक्टर

छोट्या ट्रॅक्टरचे तेल किती दिवसांनी बदलावे, एवढ्या प्रश्नावर बोरखिंड संस्थानात तीन दिवस दरबार भरला आणि तिन्ही दिवस रणधवलराजे एकटेच बोलले.

ट्रॅक्टर राजेसाहेबांचा लाडका. डाळिंबाच्या दोन ओळींमधून अलगद जाणारा, बोकडाएवढा ठेंगणा, पण बैलासारखा अखंड राबणारा. बागेत तो फवारणीचा पंप ओढी, खताची ट्रॉली ओढी. नांगर मात्र त्याला कधीच जुंपला नाही, कारण झाडांची मुळे वरवर होती. त्याच्यासोबत आलेल्या पुस्तिकेत स्वच्छ छापले होते : रेडिएटरचे पाणी दर दोन वर्षांनी बदलावे, इंजिनाचे तेल दर अडीचशे तासांनी. पाणी वेळेवर बदलले गेले. वर्षाला दुसरा अर्थ नव्हता. तासाला होता.

“तास म्हणजे नांगराचा तास,” राजेसाहेबांनी निकाल दिला. “शेतीचे यंत्र आणखी कोणता तास मोजणार? बागेत नांगराची एक रेघ तरी पडली आहे का? मग तेल कशाला बदलायचे?”

चालक गेनबाने हात जोडून सांगितले, की मागचे तेल घातल्यापासून मीटर चारशे बारा तास पुढे गेले आहे आणि तेल काजळासारखे काळे झाले आहे. मीटर खोटारडे आहे, असे त्याला ऐकवण्यात आले. घड्याळ आणि मीटर एकाच जातीची यंत्रे, दोन्ही काट्यांवर नाचतात, असेही राजेसाहेब म्हणाले. तेलाच्या कोठीची किल्ली त्यांच्या कमरेला होती आणि ती तिथेच राहिली. शिवाय इंजिन जाम झाले, तर गेनबाने चाकरी आणि बागेतले घर दोन्ही सोडावे, असे ठरले.

गेनबाची लेक ठकू मुदपाकखान्यात स्वयंपाकीण होती. बाप संध्याकाळी भांडी आवरू लागला, तेव्हा तिने पदर खोचला आणि थेट दरबार गाठला.

“तुला काय हवे?” राजेसाहेबांनी विचारले.

“किल्ली, सरकार.”

“उद्या सूर्य मावळायच्या आत बागेत अडीचशे तास दाखव आणि किल्ली घेऊन जा. अट एवढीच, की नांगराचा फाळ मातीला लागता कामा नये.”

कारभारी नारोपंत तोंडात उपरणे कोंबून हसले. ठकूने मान डोलावली आणि एकच विनंती केली : तास म्हणजे काय, हे सरकारांनी लिहून शिक्का मारून द्यावे, म्हणजे घटकेघटकेला अर्थ बदलायला नको. राजेसाहेबांचा शब्द बदलतो, असे कोणी सुचवलेले त्यांना खपत नसे. त्यांनी जागच्या जागी फर्मान लिहवले : ‘बोरखिंडीत तास म्हणजे बागेत पडलेला नांगराचा तास. घड्याळ धरले जाणार नाही.’ रात्रीपूर्वी दवंडीही पिटली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला राजेसाहेबांनी तुपात निथळणारी दोन थालीपिठे खाल्ली. त्यांना पित्ताचा त्रास होता. ‘दर तीन तासांनी खावे’ अशी राजवैद्यांची चिठ्ठी मुदपाकखान्याच्या दाराला चिकटवलेली असे. दहा वाजले. ताट आले नाही. अकरा वाजले. घशाशी आंबट आले, ताट आले नाही. बाराला नारोपंत चौकशीला गेले आणि परत आले, ते खाली मान घालूनच. राजवैद्यांच्या चिठ्ठीशेजारी ठकूने फर्मानाची नक्कल लावली होती. बागेत तीन तास पडले की ताट वाढू, असा तिचा निरोप होता.

राजेसाहेब दोनपर्यंत ताठ बसले. तीनला मुदपाकखान्यातून वांग्याच्या भरताला फोडणी दिल्याचा वास आला आणि संस्थानाचा ताठा गळाला. चारला ते अनवाणीच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

“ठकू, चार वाजले.”

“घड्याळ धरायचं नाही, सरकार. शिक्का हाय त्यावर.”

“मग पाड बागेत तीन तास आणि वाढ मला.”

“फाळ मातीला लावायचा नाही, हेबी आपलंच.”

“अगं, पोट काय नांगर बघून भुकेजते?”

“इंजिन बघतं का?”

दाराला शेजारी शेजारी लावलेले दोन कागद राजेसाहेबांनी वाचले, पुन्हा वाचले. मग हळू आवाजात विचारले, “गेनबा मीटर किती म्हणाला होता?”

“चारशे बारा.”

“आणि ते... घड्याळाचे तास?”

“आपण ठरवाल ते. पर जो तास ताटाला, तोच तेलाला.”

राजेसाहेबांनी फर्मान ओढून फाडले. “घड्याळाचेच! झाले समाधान? अडीचशे मागितले होते, चारशे बारा दाखवलेस आणि मातीही हलली नाही. आता वाढ.”

ठकूने ताट उचलले नाही. हात पुढे केला.

“किल्ली, सरकार. तुमच्या ताटाला उशीर झाला सहा तास. ट्रॅक्टरच्या तेलाला एकशे बासष्ट. ज्याला जास्त उशीर, त्याची पंगत आधी.”

राजेसाहेब हसू लागले. रिकाम्या पोटाला धरून, चौकटीला टेकून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. किल्ली त्यांनी स्वतःच्या हाताने ठकूला कमरेला अडकवायला दिली, बागेतले घर गेनबाच्या नावे करून टाकले आणि ट्रॅक्टरपाशी बसकण मारून काळे तेल शेवटच्या थेंबापर्यंत गळताना पाहिले. नवे तेल भरले गेले, तेव्हा कुठे भरताचे ताट आले.

त्या संध्याकाळी बोरखिंडीत पुन्हा दवंडी फिरली : तासाला आजपासून साठ मिनिटे, नांगराच्या तासाला सरकारची हरकत नाही, मात्र त्याने जेवणाच्या आड येऊ नये.